महबूल्यात पाहिलेला नंदाचा युरोप

कुवेतला जाऊन आले म्हटल्यावर कराडात लोक दोनच गोष्टी विचारतात. सोनं आणलंत का, आणि उंट पाहिलेत का? सोनं आणलं नाही. उंट एक पाहिला, तोही टेम्पोत उभा राहून कुठेतरी निघालेला. खरं सांगायचं तर मी तीन आठवडे कुवेतला राहिले आणि पाहिला युरोप. तोही धाकट्या बहिणीच्या मोबाइलमध्ये.

माझी ओळख करून देते, म्हणजे पुढचं समजेल. मी सुमन, एकतीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला. त्यातही युरोपातली धर्मसुधारणा हा माझा हुकमी धडा. पोप आणि राजे यांची भांडणं, पापमुक्तीपत्रांची विक्री, त्याविरुद्ध एका जर्मन धर्मगुरूने विटेनबर्ग गावातल्या चर्चच्या दारावर ठोकलेले पंचाण्णव मुद्दे. (ठोकले की नुसते पाठवले यावर विद्वान अजून भांडतात, भांडू देत.) मी ते दार फळ्यावर खडूने काढायचे, बिजागऱ्यांसकट. पोरं म्हणायची, बाई तिथे जाऊन आल्यात.

बाई कुठेच गेल्या नव्हत्या. बेचाळिसाव्या वर्षी जाणार होते, शिक्षकांची सहल ठरली होती, पासपोर्टही काढला होता. त्याच महिन्यात आईला अर्धांगवायू झाला. धाकटी नंदा तेव्हा लग्न होऊन कुवेतला गेलेली. आई पुढे चौदा वर्षं अंथरुणात होती आणि मी तिच्याजवळ होते. दोन पासपोर्ट कोरेच संपले. तिसऱ्यावर पहिली नोंद झाली ती कुवेतची, आणि तीही नंदाने बोलावलं म्हणून.

महबूला

नंदाचं घर कुवेत शहराबाहेर महबूल्यात, अकराव्या मजल्यावर. खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसते, बाकी सगळ्या इमारती. लिफ्टमध्ये शिरलं की एका मजल्यावर मसाल्याचा वास, दुसऱ्यावर तळलेल्या माशाचा, तिसऱ्यावर ऊद जाळल्याचा. खाली बकाला, म्हणजे किराणा दुकान. ते चालवणारे काका दापोलीकडचे, मुसलमान. मी कराडची म्हटल्यावर त्यांनी कोथिंबिरीची जुडी पैसे न घेताच पिशवीत टाकली आणि म्हणाले, "आमच्याकडला पावना हाय, र्‍हावंदे." मला तिथे पहिल्यांदा बरं वाटलं.

घरात पाऊल टाकलं आणि बरं वाटणं संपलं. दिवाणखान्याच्या भिंतीवर नंदा. पॅरिसला नंदा, कोलोनच्या चर्चपुढे नंदा, रोमला गॉगल लावून नंदा. मागच्या उन्हाळ्यात ती आणि तिचा नवरा प्रदीपराव अकरा दिवसांच्या सहलीला जाऊन आले होते. अकरा दिवसांत पाच देश! इतक्या वेळात मी मुलांकडून पोपची सत्ता कशी वाढली तेवढंही पाठ करून घेऊ शकत नव्हते.

आता ही नंदा कोण, तर इतिहासात जेमतेम काठावर पास होणारी. लहानपणी आम्ही शाळा-शाळा खेळायचो. मी बाई, ती विद्यार्थिनी. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मी तिचं प्रगतिपुस्तक करायचे आणि खाली लाल पेन्सिलीने ठरलेला शेरा मारायचे: 'विद्यार्थिनी धांदरट. पालकांनी लक्ष द्यावे.' पालकांची सहीही मीच करायचे. ती रडत बाबांकडे जायची.

"ताई, हे बघ," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. मी अजून चहाही प्यायले नव्हते. "हे कोलोनचं चर्च. मान मोडते वर बघताना. आणि रविवारी पोचलो, तर सगळा बाजार बंद! मला पायमोजे घ्यायचे होते, एक दुकान उघडं असेल तर शपथ. आणि चर्चमध्ये आत बघशील तर आमच्यासारखे फोटो काढणारेच निम्मे."

मी तिला समजावलं, की बाई गं, रविवार हा त्यांच्या धर्माचा विश्रांतीचा वार, तो पुढे कायद्यात गेला. चर्चला जाणं कमी झालं तरी कायदा राहिला. देव रजेवर गेला आणि सुट्टी तेवढी उरली.

"अय्या, छान आहे हे!" ती म्हणाली आणि लगेच वहीत लिहून घेतलं. तिने का लिहून घेतलं ते मला दोन दिवसांनी कळलं.

जहरा

तिसऱ्या दिवशी प्रदीपरावांनी आम्हांला गाडीने पश्चिमेला जहऱ्याला नेलं. थंडीचे दिवस होते. रस्त्याच्या कडेला वाळवंटात पांढरे तंबू लागले होते. इथले लोक थंडीत हौसेने तंबूत जाऊन राहतात, आपण हुरड्याला शेतावर जातो तसे. जहऱ्याचा लाल किल्ला मातीचा, बुटका, चार कोपऱ्यांना चार बुरूज. मला आवडला. भिंतीला हात लावला तर ऊब होती.

"युरोपात याच्या शंभरपट मोठे आहेत," नंदा म्हणाली.

मग वारा सुटला. बघता बघता समोरचा रस्ता पिवळा झाला, माझ्या पदरात, केसांत, दातांत वाळू. आम्ही गाडीत धावलो. जेवायला एका खानावळीत शिरलो, तिथे मच्छबूस मागवलं. लांब तांदळाचा मसालेभात आणि वर अख्खी कोंबडी, वाळक्या लिंबाचा आंबूस वास. पहिल्या घासाला माझ्या दातांखाली वाळू करकरली, पण भात इतका सुरेख होता की मी वाळूसकट जेवले.

जेवताना नंदाने बातमी सांगितली. इथल्या मराठी घरांची महिन्यातून एकदा बैठक होते. त्या शुक्रवारी संध्याकाळी तिचं भाषण होतं. विषय, 'युरोपच्या इतिहासावर आणि समाजावर धर्माचा प्रभाव'.

"तुझं?" मी विचारलं.

"मग कोणाचं? मी फोटो दाखवणार आहे. तूच तपासून दे हं ताई, म्हणजे मी निर्धास्त."

तळपायाची आग मस्तकात गेली. हा विषय माझा होता हो! या विषयावर माझ्या घशाची नस न् नस खर्ची पडली आहे. आणि माझ्या आयुष्याचा धडा ही पायमोजे शोधणारी बाई व्यासपीठावरून सांगणार, आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणार. कौतुकाचं तोंड करायला फार कष्ट पडतात. मी ते केलं आणि लिंबू चोखत राहिले.

बुधवारी तिने अकरा छापील पानं माझ्या हातात दिली. लाल पेन माझ्या पर्समध्ये असतंच, निवृत्तीनंतरही सुटलेलं नाही. वाचायला बसणार इतक्यात ती दारातून म्हणाली, "फार कीस काढू नकोस हं. तू पुस्तकातलं शिकवलंस ताई, मी प्रत्यक्ष बघून आलेय."

ती सहज म्हणाली, हे मला तेव्हाही कळत होतं. पण लागलं ते लागलंच.

मी तपासत गेले. शुद्धलेखन, विरामचिन्हं, दोन राजांची अदलाबदल, सगळं लाल केलं. चौथ्या पानावर आले. तिथे तिचा रोममधल्या एका प्रचंड दारापुढचा फोटो, आणि खाली लिहिलेलं: 'याच दारावर त्या जर्मन धर्मगुरूने आपले पंचाण्णव मुद्दे ठोकले आणि युरोप हादरला.'

रोममध्ये! ज्या रोमच्या मोठ्या चर्चच्या बांधकामासाठी पापमुक्तीपत्रं विकली, तिथेच त्याने जाऊन खिळे ठोकले म्हणे. सातवीतला पोरगा हसेल. माझं पेन कागदावर टेकलं होतं. एकतीस वर्षांत मला दिसलेली चूक मी एकदाही सोडलेली नाही, आजारपणात नाही, आई गेली त्या आठवड्यातही नाही.

मी पान उलटलं. जा म्हटलं, बघून आलीस ना, मग सांग लोकांना काय बघितलंस ते.

शुक्रवार, सकाळ

समोरच्या घरात फिलोमिना राहते. वसईची, इस्पितळात परिचारिका, माझ्याहून थोडी लहान. मी चर्चवर शिकवायचे हे नंदाकडून कळल्यावर ती मला म्हणाली, "शिकवलंत म्हणता, पण मिस्सा कधी बघितलीय का, बाई?" मिस्सा म्हणजे चर्चमधली सामुदायिक प्रार्थना, ती नव्हती बघितली. चर्चच्या सत्तेचा उदय आणि अस्त तोंडपाठ, पण चर्चमध्ये चालतं काय ते कधी पाहिलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी ती मला शहरातल्या चर्चला घेऊन गेली.

शुक्रवारी कसं, असं तुम्हीही विचाराल. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवार. रविवारी सगळे कामावर, शाळा चालू. मग कामकरी लोक रविवारची प्रार्थना शुक्रवारी करतात. मला गंमत वाटली. ज्या वारासाठी जर्मनी अजून दुकानं बंद ठेवतं, तो वार इथल्या लोकांनी उचलून दोन दिवस अलीकडे आणून ठेवला आहे आणि देवाची काही तक्रार दिसत नाही.

आणि गर्दी काय वर्णावी! आत जागा नाही, अंगणात माणसं, जिन्यावर माणसं. मल्याळी, गोव्याचे, फिलिपिनो, तमिळ, लेबनॉनचे अरब. एका भाषेतली प्रार्थना संपून लोक बाहेर पडतात तोवर दुसऱ्या भाषेतले आत शिरतात. सफाईचं काम करणारी एक बाई गुडघ्यावर बसून डोळे मिटून इतकं काही मागत होती की मी नजर वळवली. नंदाच्या एकाही फोटोत असं काही नव्हतं. मला क्षणभर फार बरं वाटलं, आणि का बरं वाटलं ते कळून लगेच लाजही वाटली. कारण तिथे उभी राहूनसुद्धा मी नंदाशीच बरोबरी करत होते.

"आमच्याकडं वसईला मिस्सा मराठीत असते," फिलोमिना हळूच म्हणाली. "घंटा वाजली की आई शेतातून हात जोडायची."

"तुमच्याकडची एक घंटा आमच्या वाईजवळ मेणवलीला आहे," मी म्हटलं. "मराठ्यांनी वसई जिंकली तेव्हा आणली. मी दर वर्षी सहलीला मुलांना दाखवायचे."

"हो का? मग परत द्या की आता! किती वर्षं ठेवायची ती?"

दोघी तोंडावर रुमाल धरून हसलो. पुढच्या बाईने वळून पाहिलं तशी गप्प बसलो.

एका बाजूला भिंतीलगत रांग होती. एकेक जण लाकडी खोलीत जाई, थोड्या वेळाने बाहेर येई. पापाचा कबुलीजबाब. याच्यावरून युरोपात केवढी रणं माजली! माणूस आणि देव यांच्यामध्ये धर्मगुरू हवा की नको, क्षमा मागायची कोणाकडे, ती विकत मिळते का. मी हे फळ्यावर दोन रकाने करून शिकवायचे. रांगेतल्या माणसांचे चेहरे रकान्यात नव्हते.

"आत काय सांगतात?" मी विचारलं.

"घरी सांगता येत नाही ते."

मी म्हणाले, "समजा एखाद्या बाईला वहीत चूक दिसली आणि तिने ती मुद्दाम तशीच सोडली. तर ते पाप का हो?"

फिलोमिनाने माझ्याकडे रोखून पाहिलं. परिचारिका ती, दुखतंय कुठे ते तिला लगेच कळतं. "कोणाची वही?"

"धाकट्या बहिणीची."

"मग त्या रांगेत तुमचं काही काम नाही, बाई. ज्याची वही त्याला सांगा. अन् संध्याकाळच्या आत सांगा."

दुपारी परतलो तेव्हा खालच्या मशिदीतून नुकतीच माणसं बाहेर पडत होती, आणि वर नंदा साडीला इस्त्री करत भाषण पुटपुटत होती.

"नंदा, ते चौथं पान जरा..."

"ताई, आता एक अक्षर बदलू नकोस, पाया पडते तुझ्या. सगळं पाठ झालंय, गोंधळ होईल माझा."

मी बरं म्हटलं. आणि खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं मला. सांगायला गेले होते, तिनेच ऐकलं नाही, आता माझ्याकडे बोट नको.

एगैला

हॉल महबूल्याशेजारच्या एगैलात, मॉलच्या मागच्या एका इमारतीत. बँकेतले, कॉम्प्युटरवाले, हिशेबनीस अशी पन्नासेक मंडळी, मागे मुलांची इंग्रजीत कुजबुज, टेबलावर बटाटेवडे झाकून ठेवलेले. मी पहिल्या रांगेत प्रदीपरावांशेजारी बसले.

नंदा बोलायला लागली आणि माझा जळफळाट दुप्पट झाला, कारण ती चांगलं बोलली. पायमोज्यांची गोष्ट सांगितली, लोक खो-खो हसले. 'देव रजेवर गेला आणि सुट्टी उरली' हे माझं वाक्य म्हणाली, टाळ्या पडल्या. गावांच्या वेळा घंटेवर कशा चालत, मुलांची नावं संतांवरून कशी पडत, एकाच देवाला मानणारे दोन पंथ एकमेकांची घरं कशी जाळत होते, हे तिने असं सांगितलं की पोरंसुद्धा गप्प झाली. माझ्या फळ्यावर हे कधी उतरलं असेल का, असं मनात आलं.

पडद्यावर ते दार आलं. तिने ते वाक्य म्हटलं.

मागून एक तेरा-चौदा वर्षांची मुलगी उभी राहिली. "आंटी, सॉरी, पण ते विटेनबर्गला होतं ना? इन जर्मनी. आमच्या स्कूलमध्ये शिकवलंय."

नंदा जराही डगमगली नाही. हसली. "नाही गं राजा. ही समोर बसलीय ना, माझी ताई, एकतीस वर्षं इतिहासाची बाई आहे. तिने ओळ न् ओळ तपासलंय. मी चुकेन, माझी ताई नाही चुकायची."

लोकांनी कौतुकाने माझ्याकडे माना वळवल्या. कोणीतरी टाळी वाजवली. ती मुलगी गोंधळून खाली बसायला लागली. बरोबर उत्तर देणारं मूल माझ्यामुळे खाली बसत होतं.

मी उठले. "बसू नको बाळ, उभी राहा," मी म्हटलं. "तू बरोबर आहेस. दार विटेनबर्गचं. चूक माझी आहे, नंदाची नाही."

लोकांना तो माझा मोठेपणा वाटला. आणखी टाळ्या! त्या टाळ्यांसारखी शिक्षा नाही. नंदा म्हणाली, "बघा, म्हणून ती ताई," आणि पुढची सगळी पानं तिने नीट म्हटली. फक्त माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात तिने ती अकरा पानं ओट्यावर पत्ते मांडावेत तशी मांडली. खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, तव्यावर गरम होत होता.

"प्रत्येक पान लाल आहे," ती म्हणाली. "चौथं सोडून. इतकं स्वच्छ पान तू मला जन्मात कधी दिलं नाहीस, ताई."

"मला दिसलं होतं."

"ते कळलं मला. तिथेच कळलं."

"हेवा वाटला गं. तू सगळं पाहून आलीस. मी नुसतं दार काढत राहिले फळ्यावर. आईपाशी राहिले त्याचं काही नाही, पण तू पाहून आलीस आणि तुला त्याची किंमतही नव्हती, असं वाटलं."

ती रागावेल, रडेल असं मला वाटलं होतं. तिने खुबूस उलटला.

"मला कशाचा हेवा वाटतो ते विचारलंस कधी?" ती म्हणाली. "शेवटच्या वर्षी मी फोन केला की आई म्हणायची, 'सुमन का?' मी म्हणायची, आई, नंदा बोलतेय. तर म्हणायची, 'कोण नंदा?' पुढे पुढे मी सांगायचंच सोडलं. सुमन म्हणूनच बोलायची मी तिच्याशी. तुला हे माहीत नाही, तू फोन तिच्या कानाला लावून भाकऱ्या टाकायला जायचीस."

खुबूस करपला. आम्ही दोघींनी तो तसाच वाटून खाल्ला.

कराड

परत आल्यावर बॅग उपसली तर तळाशी ती पानं निघाली. चौथ्या पानावर नंदाने 'रोम' खोडून मोठ्या अक्षरात 'विटेनबर्ग' लिहिलेलं, लाल शाईत. माझं पेन ढापलं होतं तिने, मी विमानतळावर उगाच शोधत होते. आणि सगळ्यांत खाली, कॅलेंडरच्या पाठीमागे मी लिहायचे तसा, रेघ मारून शेरा:

'विद्यार्थिनी हुशार, पण मत्सरी. पालकांनी लक्ष द्यावे.'

त्याखाली 'पालकांची सही' असं लिहून जागा कोरी सोडलेली.

बाबा जाऊन वीस वर्षं झाली. आईही नाही. मग साधं निळं पेन घेतलं, त्या जागी 'नंदा' अशी सही केली, आणि फोटो काढून तिला पाठवून दिला.